महाडचीच गाडी

आमच्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिली. बाबा सातवीतून गिरणीत गेले आणि आई सही करायला शिकली ती माझ्या प्रगतिपुस्तकावर. पदवीचा कागद आला तेव्हा तो काचेत बसवून देवांच्या तसबिरींशेजारी टांगला गेला. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे, आणि तो लपवायची मला सवय नाही. त्या कागदावर अंधेरीला नोकरी मिळाली आणि नोकरीमुळे डोंगर मिळाले.

कचेरीतल्या वयाने मोठ्या एक बाई आणि तिघेजण अधूनमधून रविवारी डोंगरावर जात. बस जाईल तिथवर बसने आणि पुढे पायी, एवढाच त्यांचा नियम. बोरिवलीहून कान्हेरी, गोरेगावहून आरेतल्या रस्त्याने, ठाण्याहून येऊर. ही जवळची ठिकाणं मी त्यांच्याबरोबर केली, कारण संध्याकाळच्या चहाला घरी पोचता यायचं. मग त्यांनी लांबचं काढलं आणि मला घरी विचारावं लागलं.

आम्ही घाटकोपरला भटवाडीत राहायचो. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. संपानंतर बाबांची गिरणी सुटली होती आणि ते विक्रोळीच्या एका कंपनीच्या गेटवर बसत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"जा," म्हणाले. "पण ज्या एसटीचा रस्ता मला ठाऊक आहे, तिथंच जायचं."

"तुम्हाला एकच रस्ता ठाऊक आहे, बाबा."

"मग त्याच रस्त्याला."

तो रस्ता म्हणजे कुर्ल्याच्या डेपोतून पनवेल, पेण आणि पुढे महाड. महाडच्या अलीकडे आमचं गाव. पनवेल सुटलं की कर्नाळा किल्ल्याचा सुळका खिडकीत यायचा, उभ्या केलेल्या अंगठ्यासारखा. तो दिसला की आई माझ्या हातात लिंबू द्यायची, कारण पुढे वळणं आणि मला गाडी लागायची. आमच्या गावाला कर्नाळा म्हणजे एवढंच, लिंबू काढायची जागा. तिथे उतरलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. मी कर्नाळाच निवडला.

महाडच्या गाडीत आमच्या भावकीतली एक काकी भेटणार, हे खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. त्या गाडीत कुणी ना कुणी आपलं असतंच. कचेरीतले चौघे मागच्या बाकावर बसले. काकीने मला शेजारी बसवलं आणि माझ्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघत राहिली.

"एकटीच गावाला चाललीस गं?"

"गावाला नाही काकी. कर्नाळ्याला उतरणार."

"कर्नाळ्याला कोण आहे आपलं?"

"कुणी नाही. डोंगर चढायचाय."

"डोंगर? आणि आपल्या गावातला डोंगर काय झिजला?"

मागच्या बाकावरचे सगळे हसले, मीही हसले. उतरताना कचेरीतल्या उंच, चष्मेवाल्या माणसाने माझी पिशवी वरून काढून दिली. बाईंनी मला हात धरून उतरवलं. गाडी हलली तेव्हा काकी खिडकीतून मान काढून आमच्याकडे बघत होती.

त्या दिवसाबद्दल जास्त लिहीत नाही. झाडीतली चढण, शेवटी दगडी दरवाजा आणि वर एकदम वारा. खूप दिवसांनी मला कुणी काही विचारत नव्हतं, आणि ते मला फार आवडलं. पुढच्या खेपेला पेणच्या बाजूचा एखादा डोंगर करायचा, असं परतताना ठरलंसुद्धा.

पंधरवड्याने गावाहून एक काका तांदूळ घेऊन आले. पोतं खाली ठेवलं, पाणी प्यायले आणि बाबांना म्हणाले, "सुपारी फोडलीत, आणि भावकीला बोलावणं नाही?"

आमच्याकडे मुलीचं लग्न ठरलं की भावकी बसते आणि सगळ्यांसमोर सुपारी फुटते. त्याआधी ठरलेलं ठरलेलं नसतं, आणि ज्याला बोलावलं नाही तो ते जन्मभर विसरत नाही.

"कुणाची सुपारी?" बाबांनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे बोट केलं. काकीने गावात सगळं नीट जुळवून सांगितलं होतं. डोंगर चढायला कोण एसटीतून उतरतं? म्हणजे कर्नाळ्याच्या बाजूचं स्थळ, आणि मुलगी घर बघायला गेली. बाई म्हणजे सासू. चष्मेवाला म्हणजे नवरा. "मुलगा उंच आहे, पिशवी काढून देतो, स्वभावाला बरा दिसतो," असं म्हणून तिने तो पसंतही केला होता.

आईला हसू आवरेना. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. बाबा हसले नाहीत. काकांना त्यांनी खरं काय ते सांगितलं. काकांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. "सांगतो गावात," म्हणाले.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "आता बास. यापुढे रविवार घरी."

"माझं काय चुकलं?"

"तुझं नाही चुकलं. पण भावकीला उत्तर मला द्यायचंय. आज म्हणतात ठरलं, उद्या म्हणतील मोडलं. मोडलेल्या मुलीला कोण विचारतं?"

"न ठरलेलं मोडेल कसं?"

"तू शिकलेली आहेस, तुला बोलता येतं," एवढंच म्हणून ते डबा घेऊन कामाला गेले.

मी येत नाही, असं बाईंना सांगून टाकलं. तो रविवार मी घरी काढला, त्याच्या पुढचाही. तांदूळ निवडले, पंखा पुसला. भांडले नाही, पण बोललेही नाही. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत न बोलणं फार जागा घेतं.

शेवटी एका संध्याकाळी बाबांनीच विचारलं, "वर आहे तरी काय?"

"रस्ता दिसतो."

"कुठला?"

"आपला. गावचा. गाड्या एवढ्याएवढ्या दिसतात."

ते वर्तमानपत्र वाचत राहिले. पान मात्र उलटलं नाही. शनिवारी कामावरून येताना त्यांनी एक नारळ आणला आणि माझ्या पिशवीशेजारी ठेवला. "उद्या कर्नाळ्याला मी येतो," म्हणाले. "देवी असेलच की कुणीतरी. रिकाम्या हाताने कसं जायचं?"

बाबा वॉचमनच्या कामाचे काळे बूट घालून आले. चढताना दोनदा थांबले, आणि दोन्ही वेळा झाड बघत असल्यासारखं केलं. वरच्या दरवाजाजवळ देवीचं लहान देऊळ होतं. तिथे बूट काढले, नारळ फोडला, मला आणि अनोळखी पोरांच्या एका घोळक्याला खोबरं वाटलं. सुळक्यावर आग्या मोहोळं लटकत होती. त्याच्या बुडाशी कोरलेल्या टाक्यांतलं पाणी त्यांनी ओंजळीने तोंडावर मारलं आणि मग कड्याकडे तोंड करून बसले.

खाली रस्ता होता. एक लाल एसटी वळणावरून पुढे जात होती.

"महाडची असेल का गं?"

"इथून पाटी कुठे दिसते?"

"महाडचीच असणार," ते म्हणाले. गाडी झाडीआड गेल्यावर पुन्हा बोलले, "एवढ्या खेपा केल्या. खालून कधी वाटलं नाही इथं बसायला जागा असेल."

उन्हं उतरायच्या आत आम्ही खाली आलो आणि मुंबईच्या गाडीसाठी हमरस्त्याला उभे राहिलो. माझे पाय दुखत होते. पेणची गाडी आली, अर्धी रिकामी. मी हात करणार, तर बाबांनी माझा हात खाली घेतला.

"ही नको."

मग अलिबागची आली. तीही सोडली.

"अहो बाबा, जागा होती."

"महाडचीच गाडी पाहिजे."

"ती खच्चून भरलेली येते. रविवार आहे."

"म्हणूनच."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. रविवारच्या संध्याकाळी महाडच्या गाडीतून अर्धं गाव कामावर परत येत असतं. भावकीला उत्तर द्यायला बाबांना गावाला जायची गरज नव्हती. भावकी त्यांच्याकडे येत होती.

गाडी आली, दारापर्यंत भरलेली. कंडक्टर नको म्हणत होता, पण बाबा चढले आणि मला ओढून घेतलं. आत पोती, फणसाचा वास, आणि चौथ्या-पाचव्या बाकावर तांदूळवाले काका.

"अरे, तू? इथं कुठे?"

"कर्नाळ्याला गेलो होतो." बाबा मागच्या बाकापर्यंत जाईल असं बोलले. गेटवर उभं राहून आवाज तसाच झाला होता. "वर चढून आलो. सुळक्याच्या बुडाशी टाकी आहेत, पाणी एकदम गार. देवी आहे. आपला सगळा रस्ता दिसतो."

"हिचं सासर नाही ना तिथे?" कुणीतरी मागून विचारलं.

"मोहोळं आहेत. पाठवायची असेल तर तुझी पाठव."

हशा झाला. काका सरकले आणि मला बसायला टोक दिलं. सुळका मागे पडेपर्यंत दोघा-तिघांनी वाकून बघितलं.

"पण तुला वाट कशी सापडली रे?" काकांनी विचारलं.

बाबांनी वरचा दांडा धरला होता. त्यांनी माझ्याकडे हनुवटी केली. "हिने नेलं. मला कुठे ठाऊक होता तो रस्ता?"

आणि पनवेल यायच्या आत, सगळ्यांच्या देखत, मला म्हणाले, "त्या बाईंना सांग, पेणच्या डोंगराला तू येतेस म्हणून."