मामंजींनी निवडलेली होडी

आमच्या घराने होडी घेतली होती असं सांगितलं की लोक आजही हसतात. जव्हारला होडी? समुद्र कुठे आणि जव्हार कुठे! पण घेतली खरी. आणि त्या होडीपायी जे झालं त्यात मी शहाणी ठरले असं सगळे म्हणत आले. अहो, कसलं शहाणपण घेऊन बसलात! ऐका आणि मग ठरवा.

संस्थान विलीन झालं त्यानंतर दोन वर्षांनी मी लग्न होऊन या घरात आले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, संस्थानच्या लाकडाच्या वखारीवर तीस वर्षं होते. ओंडक्याला नाक लावून झाड कुठल्या डोंगरावरचं ते सांगायचे म्हणे. 'म्हणे' अशासाठी की मी पाहिले ते मामंजी ओसरीच्या खांबाला टेकून बसलेले. विलीनीकरणानंतर वखार नव्या सरकारकडे गेली, खाली ठाण्याकडचे तरुण कारकून आले आणि मामंजींचं वय झालेलं म्हणून ते घरी बसले. अन्याय असा कुणीच केला नाही. पण ज्या माणसाला विचारल्याशिवाय गावात कुणी घराचं आढं चढवत नव्हतं, त्याला कुणी काही विचारेनासं झालं. अर्धी भाकरी खाऊन उठायचे. सासूबाई आग्रह करून थकल्या. "असंच चाललं तर हा माणूस वर्ष काढायचा नाही," असं त्या माझ्यापाशी चुलीपुढे बसून म्हणाल्या.

होडीची कल्पना आमच्या ह्यांची. हे कचेरीत कारकून होते. बदलून आलेले एक साहेब सुटीच्या दिवशी बायकापोरांना घेऊन गावाबाहेरच्या तळ्यात होडीतून फिरायचे, पलीकडच्या आंबराईत राहुटी ठोकून रात्रभर राहायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे. ह्यांनी ते पाहिलं आणि घरी येऊन म्हणाले, "आपणही घेऊ. बाबांना निवडू दे. लाकडाचीच वस्तू, त्यांच्याइतकं कुणाला कळतंय?" घरात आम्ही पाच माणसं आणि माझी दीड वर्षाची मुलगी. सासूबाईंची एकच अट होती, पातेली, शेगडी आणि अंथरुणं मावली पाहिजेत, आणि पोर पडता कामा नये. नणंद तर त्याच दिवशी पलीकडे काय रांधायचं ते ठरवायला लागली.

मामंजींनी आधी नको नको केलं. मग दोन दिवसांनी धोतर झटकून उठले आणि दाभोशाला गेले. तिथे एकाकडे नदीच्या डोहात वापरायची अख्ख्या ओंडक्याची डोण होती. तिचा मालक म्हणाला, "चार मान्सां बसतीन, पन हालायचा नाय." मामंजी घरी येऊन सासूबाईंकडे पाहत म्हणाले, "न हालता बसणारी चार माणसं आपल्याकडे आहेत कुठे?" किती दिवसांनी घरात हशा पिकला! त्या रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी.

मग ठरलं की फळ्यांची होडी किनाऱ्यावरून आणायची. माझं माहेर समुद्रकाठचं. वडील शाळामास्तर, घर कोळीवाड्याच्या शेजारी. म्हणून मलाही सोबत नेलं, वाटेत आईकडे दोन दिवस राहता येईल म्हणून. कोळीवाड्यात तीन होड्या विकाऊ होत्या. मामंजींनी तिन्हींना प्रदक्षिणा घातली. नखाने ओरखडून पाहिलं, बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, वाकून वास घेतला. माझ्या माहेरची माणसं तोंडाला पदर लावून हसत होती, मला मात्र ते पाहताना भरून आलं. हा वखारीवरचा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी एका होडीच्या बुडाशी हात ठेवून म्हणाले, "हे आमच्याकडचं सागवान आहे. मोखाड्याच्या वरच्या अंगाचं. हीच."

होडीचा म्हातारा मालक म्हणाला, "बाबा, लाकूड काय बगतंस? सांदं बग. नि तिला कोरडी ठेवू नको, फाटंल."

मामंजी हसले. "तीस वर्षं लाकडात काढलीत मी," एवढंच म्हणाले.

आता इथेच सगळी गोम आहे. आमच्या डोंगरातल्या माणसाचं लाकडाबद्दल एकच शास्त्र, लाकडाचा वैरी पाणी. नांगराचा नवा इसाड असो की घराचा वासा, आधी वर्षभर सावलीत वाळवायचा, मग चुलीच्या वर टांगून धूर द्यायचा. जितकं कोरडं तितकं टिकाऊ. आणि माझ्या माहेरी याच्या बरोब्बर उलट. होडी वाळूवर ओढून ठेवली की कोळणी रोज सकाळी तिच्यात घागरभर पाणी ओतायच्या. लाकूड ओलं असलं की फुगलेलं राहतं, फळीला फळी घट्ट भिडते. वाळलं की आकसतं आणि सांधे उघडतात. हे मला परकर नेसायच्या वयापासून ठाऊक होतं.

लाकूड भरायला वर जाणाऱ्या एका रिकाम्या ट्रकमधून होडी जव्हारला आली तेव्हा थंडी होती. मुहूर्त धरला अक्षय्य तृतीयेचा. मधले महिने मामंजींनी होडीची जी सेवा केली, ती बाळंतिणीचीही कुणी करत नाही! गोठ्याशेजारच्या पडवीत शेणाने सारवून चार ठोकळ्यांवर ती ठेवली. करंजेल चोळलं. आणि रोज संध्याकाळी खाली भाताच्या तुसाची धुरी! "समुद्राची ओल मुरलीय तिच्यात, ती काढायला हवी," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आणि येणारे किती! वखारीतले जुने सोबती आले, साखरशेतकडचे शेतकरी बाजाराला आले की डोकावून जायचे. मामंजी काठीने एकेक फळी दाखवून बोलत राहायचे. आवाज परत आला, जेवण परत आलं. सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला.

आणि मी? मला तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. फळ्यांमधल्या रेघा रुंद होत चाललेल्या मला रोज दिसत होत्या. पौषात नख शिरत नव्हतं तिथे फाल्गुनात माझ्या केसातला आकडा शिरला.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, आत्ता कुठे माणूस जेवायला लागलाय. त्यांना जाऊन सांगू की तुम्हाला लाकडातलं कळत नाही?" बोला आता! सासूबाईंना आडून आडून सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या माहेरी मासळीही उन्हात वाळत घालतात, मग होडीला काय झालं?" यावर काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच सांगा.

मग मी चोरून पाणी घालायला लागले. दुपारी मामंजी पडले की एक घागर हळूच होडीत रिकामी करायची. दुसऱ्याच दिवशी त्यांना बुडाशी ओल दिसली. त्यांनी ठपका ठेवला वासरावर! "गाढवाने मुतून ठेवलंय," म्हणत बिचाऱ्याला तिथून हलवून पार परसात नेऊन बांधलं. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. पुढल्या खेपेला सासूबाईंनीच पकडलं. चैत्राचे दिवस, विहीर तळाला गेलेली. एक घागर भरायला तासभर बसावं लागायचं, वाटी वाटीने पाणी उपसायचं. "प्यायला पाणी नाही आणि तू लाकडावर ओततेस? मस्ती आलीय का पाण्याची?" त्यांचंही काही चुकत नव्हतं. मी घागर खाली ठेवली. त्यानंतर पाणी घातलं नाही.

मामंजींना समोर उभं राहून का नाही सांगितलं, असं माझी मुलगी मोठेपणी मला विचारायची. अगं बाई, सांगायला दोनदा गेले होते. दोन्ही वेळा ते कुणाला तरी होडी दाखवत होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि पाय मागे आला. सांगितलं तर माणूस पुन्हा खांबाला टेकणार, नाही सांगितलं तर तळ्यावर चारचौघांत फजिती होणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी भित्री होते म्हणा हवं तर, मला राग नाही.

अक्षय्य तृतीयेला होडी बैलगाडीतून तळ्यावर नेली. निम्मं गाव आलं होतं. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला. पातेली, शेगडी, अंथरुणांच्या वळकट्या काठावर मांडून ठेवल्या होत्या, कारण रात्री पलीकडे राहायचं होतं. मामंजी एकटेच आधी बसले. डोक्याला ठेवणीतली पगडी. ह्यांनी होडी ढकलली.

दहा हात गेली असेल. मला काठावरून दिसलं की मामंजींनी पाय उचलून घेतले. मग पुन्हा खाली ठेवले. पाणी सगळ्या सांध्यांतून एकदमच येत होतं. हे ओरडले, "बाबा, उतरा!" मामंजी म्हणाले, "थांब. लाकूड चांगलं आहे." पाणी पोटऱ्यांना लागलं. "लाकूड चांगलं आहे रे," पुन्हा तेच. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. होडी तिथे कमरेएवढ्या पाण्यात हळूहळू खाली बसली आणि मामंजी तिच्यात तसेच बसून राहिले, छातीपर्यंत पाण्यात. ह्यांनी जाऊन हाताला धरून आणलं.

गावातला एकजण म्हणाला, "फोडून सरपणाला घाला आता." आणि माझा तोल गेला. इतके महिने जे गिळलं होतं ते भलत्या वेळी बाहेर पडलं. भर गावासमोर, डोक्यावरचा पदर सावरत मी म्हणाले, "काही फोडायची गरज नाही. लाकूड उत्तमच आहे. कोरडं पडलंय म्हणून सांधे उघडलेत. चार दिवस अशीच बुडलेली राहू द्या. फुगेल आणि आपोआप मिटेल. मग थेंब येणार नाही."

मामंजींच्या धोतरातून पाणी गळत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"तुला हे कधीपासून ठाऊक होतं, सूनबाई?"

"लहानपणापासून."

"मग बोलली का नाहीस?"

माझी जीभ मेली! खाली मान घालून 'चुकलं' म्हणायचं, तर मी म्हणाले, "बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतंत?"

त्यांनी खरंच विचार केला. रागावले असते तर किती बरं झालं असतं. "नसतं ऐकलं," ते म्हणाले, आणि ओल्या अंगाने घराकडे चालायला लागले.

पाचव्या दिवशी होडी उपसून तरंगवली. थेंब आला नाही. मोखाड्याचं सागवान ते, त्यांनी अगदी अचूक निवडलं होतं. पुढची सहा वर्षं आम्ही त्या होडीतून पलीकडे गेलो, आंबराईत राहिलो, नणंदेने ठरवलेलं सगळं रांधून खाल्लं. लोक म्हणायचे, सून हुशार हो! मामंजी कधीच आले नाहीत. "घर राखायला कुणी तरी हवं," म्हणायचे. मी पाया पडले, माफी मागितली, एकदा तर चक्क भांडले त्यांच्याशी. ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. त्यांच्या मनात काडीचा राग नव्हता, म्हणून तर मी पुढे काही करू शकत नव्हते.

होडी तरंगली त्याच्या पुढच्याच वर्षी मामंजींच्या खोलीचे वासे बदलायला काढले. पोशेऱ्याहून गाडी आली, दोन जातींचं लाकूड घेऊन. ह्यांनी विचारलं, "बाबा, कुठलं घेऊ?" मामंजी ओसरीवरून उठलेसुद्धा नाहीत.

"सूनबाईला विचार," म्हणाले.

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर मी सोसला असता. मी म्हणाले, "मामंजी, मला वाशातलं काही म्हणजे काही कळत नाही. एकदा हात लावून बघा ना." ते म्हणाले, "तुला जे वाटेल ते बरोबरच असेल." सगळे माझ्याकडे बघत उभे. मी लाकडाला नख लावलं, वाजवलं, वाकून वास घेतला. नुसता लाकडाचा वास आला. सरळ दिसले ते वासे मी उतरवून घेतले.

वर्षभरात त्या वाशांना भुंगा लागला. रात्रभर लाकूड करकरायचं आणि खाली पिठी पडायची. ओसरीवरून गाडीकडे एकदा नुसतं पाहून मामंजींनी ते त्याच दिवशी ओळखलं असणार. बोलले नाहीत. रोज सकाळी उठून अंथरुणावरची पिठी झटकायचे आणि वळकटी करून कोपऱ्यात ठेवायचे.