चौफुल्यापर्यंतचे प्रश्न

देवीपुढे हात जोडून ‘माझं खोटं पचू दे’ असं मागणं कुणी मागत असेल का? मी मागत होते. सकाळी दिवा लावला की कुरकुंभच्या फिरंगाईच्या फोटोकडे बघायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, आई, मधल्या वर्षांबद्दल मी जे सांगणार आहे ते समोरच्यांना खरं वाटू दे, मी तुझी ओटी भरायला येईन. ती माझ्या माहेरची देवी. आमच्या घरात दुखण्याखुपण्यापासून म्हशीच्या वेतापर्यंत सगळं तिच्या कानावर घालायची पद्धत आहे. पण त्या दिवसांत मला वाटायला लागलं होतं की ती ऐकते वगैरे आपण आपल्या समाधानासाठी म्हणतो. दोन मुलाखती हातातून गेल्या होत्या. तिसरी कासुर्डीजवळच्या एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत होती, आणि ही गेली तर परत कुठं अर्ज करायचा नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

मधली वर्षं म्हणजे काय ते सांगते. मी शिरूरला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं. लग्न होऊन न्हावऱ्याला आले, आणि जवळच्याच एका शीतकरण केंद्रात दूध तपासायचं काम करत होते. काम मला आवडायचं. मग सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. मी त्यांना आत्या म्हणायचे. एक बाजू गेली आणि वाचाही गेली. मी नोकरी सोडली, आणि पुढची काही वर्षं त्यांच्या अंथरुणाभोवतीच गेली. त्या गेल्यावर घर इतकं मोकळं झालं की मला बसायलाही जागा सापडेना. आमचे हे तेव्हा गुजरातेत ट्रेलर चालवायचे. महिन्या दीड महिन्यानं दोन दिवस घरी यायचे. आमची स्वरा तेव्हा पाच वर्षांची होती, आणि ते आले की ती माझ्या मागं लपायची. तिच्या लेखी बाप म्हणजे मोबाईलवर दिसणारा माणूस. मला पगार सुरू झाला तर ते तिकडचं सोडून इकडंच एखादी गाडी धरणार होते. आमच्या घराचं सगळं त्या एका गोष्टीवर अडलं होतं.

माझा मावसभाऊ नितीनदादा एमआयडीसीत एका कंपनीत एचआरला आहे. त्यानं माझी तयारी करून घेतली. त्याचं म्हणणं एकच, ‘गॅप दिसला की माणूस खलास. घरी व्हते म्हनू नकोस. सांग, ऑनलाइन कोर्स करत व्हते, फूड सेफ्टीचा.’ त्यानं मला इंग्रजी वाक्यं लिहून दिली आणि मी ती पाठ केली. गोठ्यात धार काढताना मी म्हशीला माझ्या स्ट्रेंथ आणि वीकनेस सांगायचे. ती निवांत रवंथ करायची. तिच्यासारखं समोरचं माणूस मिळालं असतं तर मी केव्हाच कामाला लागले असते. पण खऱ्या मुलाखतीत लोक पुढचा प्रश्न विचारतात. कोर्सात काय शिकवलं, असं पहिल्या ठिकाणी विचारलं आणि मी पाठ केलेलं तेच वाक्य परत म्हटलं. दुसऱ्या ठिकाणी मी जास्त पाठ करून गेले आणि जास्त अडखळले. दोन्ही वेळा बाहेर आल्यावर मला चीड देवीचीच आली. खोटं मी बोलत होते आणि राग तिच्यावर काढत होते, ही गंमत तेव्हा लक्षात आली नाही.

त्या मंगळवारी सकाळी हातावर दही घेतलं, स्वराला जावेकडे ठेवलं आणि न्हावऱ्याच्या स्टँडवर चौफुल्याकडे जाणारी एसटी धरली. फाईल मांडीवर, ओठांवर इंग्रजी. शेजारी एक म्हातारी आधीच बसलेली होती. जुनं नऊवारी, पायाशी कांद्याची पिशवी, आणि माणसाला नीट न्याहाळायची सवय. आमच्याकडं एसटीत शेजारी बसलेल्याला सगळं विचारायची रीतच आहे. गाव, माहेर, आडनाव, पोरं, जमीन, काही सोडत नाहीत. मला ते एरवी आवडतं. त्या दिवशी मात्र वाटलं, बाई, आज नको. मी खिडकीकडं तोंड करून बसले.

‘कुनाची गं तू?’ तिनं विचारलंच.

सासरचं नाव सांगितलं. मग माहेर विचारलं, तेही सांगितलं. शाळा किती शिकलीस, तेही. कुठं चाललीस म्हणाल्यावर मी म्हणाले, नोकरीसाठी भेटायला बोलावलंय. आधी कुठं होतीस, काय काम असायचं, का सोडलंस, असं ती एकामागून एक विचारत गेली. घाई नाही, खोचकपणा नाही. भाजी निवडावी तसं तिचं चाललं होतं. ‘का सोडलंस’ला मी पाठ केलेलं सांगून टाकलं. म्हटलं, इथंच एकदा रंगीत तालीम होऊन जाऊ दे.

‘कोर्स करत होते आजी. ऑनलाइन.’

‘बरं. काय शिकलीस त्यात?’

आता हिलाही मी काय सांगणार? मी मांडीवरची फाईल सरळ केली. तिनं बाहेरच्या उसाकडं बघितलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘आन् घरात कोन कोन हाय?’

मी म्हणाले, आता मी आणि लेक. सासूबाई होत्या, त्या गेल्या. मग त्यांचा आजार निघाला, आणि एकदा निघाल्यावर मला थांबता आलं नाही. ‘तवा तू काय काय करायचीस?’ असं तिनं विचारलं आणि मी सांगत गेले. पाठीला जखम होऊ नये म्हणून ठरल्या वेळी कूस बदलायची, रात्री गजर लावून उठायचं. लघवीचा रंग बघायचा. ताप मोजायचा. दूध उकळून, गाळून, किती कोमट झालंय ते मनगटावर बघून मगच चमच्यानं पाजायचं, ठसका लागला तर लगेच थांबायचं. हे सगळं मी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय, सगळ्याच सुना करतात, असं वाटायचं. म्हातारी मान हलवत ऐकत होती. मध्येच म्हणाली, ‘कटाळा न्हाई आला?’ मी खरं सांगितलं, आला, पुष्कळदा आला, रडायलाही आलं. ‘येनारच की,’ ती म्हणाली.

पारगावच्या पुलावर गाडी हळू झाली. खाली भीमेला भरपूर पाणी होतं. म्हातारीनं नदीला हात जोडले आणि तशीच समोर बघत विचारलं, ‘जाताना काय बोलली का गं ती?’

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. भेटायला आलेल्या माणसांनी नाही, माझ्या आईनंही नाही. ज्या बाईची वाचा गेली होती ती काय बोलणार, असं सगळेच धरून चालले होते, मीसुद्धा. पण त्या पुलावर मला आठवलं. शेवटच्या दिवसांत मी दुधाची वाटी पुढं केली की आत्या चांगल्या हातानं ती माझ्याकडं ढकलायच्या. मी एक घोट घेतल्याशिवाय त्या तोंड उघडायच्या नाहीत. मला वाटायचं, हट्ट करतायत, दूध सांडतायत, आणि मी वैतागून घोट घ्यायचे. गेल्या त्या संध्याकाळीही त्यांनी वाटी माझ्याकडंच ढकलली होती. तू आधी पी, असं त्या मला रोज सांगत होत्या, आणि मला ते त्या गेल्यावर, एका अनोळखी बाईनं विचारल्यावर कळलं. मी एसटीत पदर तोंडाला लावून रडले. म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, समजूत वगैरे काही घातली नाही.

चौफुल्याला उतरलो. मला पुण्याच्या बाजूची जीप हवी होती. मी विचारलं, आजी, तुम्ही कुठं जाणार? ‘मंगळवार न्हाई का, कुरकुंभाला,’ असं म्हणून ती पाटसकडच्या जीपकडं वळली आणि गर्दीत चढून बसलीसुद्धा. तिला नाव विचारायचं राहूनच गेलं. ती इतकं विचारत होती आणि मी तिला काहीच विचारलं नव्हतं.

मुलाखतीला आत तिघं होते. प्लान्टचे मॅनेजर, एचआरचा एक तरुण मुलगा आणि प्रयोगशाळेचे प्रमुख, साधारण साठीला आलेले. त्या मुलानं आधी माझ्याबद्दल विचारलं, मग शिक्षण, मग आधीचं काम, मग का सोडलं. हे प्रश्न सगळीकडं याच क्रमानं येतात हे मला माहीत आहे. मी त्यातून काही सिद्ध करत नाही. पण पहिल्या उत्तरापासून माझा आवाज मला वेगळा ऐकू येत होता. एसटीतलंच बोलणं मी पुढं चालू ठेवलंय असं वाटत होतं. ‘यानंतर मोठा गॅप दिसतोय,’ तो म्हणाला, आणि नितीनदादाचं इंग्रजी वाक्य जिभेच्या टोकावर आलं. ते मी तसंच गिळलं. म्हणाले, सासूबाई अंथरुणाला होत्या, मी त्यांचं करत होते.

मॅनेजरांनी कागद उलटला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात प्रयोगशाळेचे सर म्हणाले, ‘त्या काळात तुम्ही काय काय करत होता?’ शब्दसुद्धा जवळजवळ तेच. मी सांगितलं, जसं म्हातारीला सांगितलं तसंच, कंटाळ्यासकट. त्यांनी विचारलं, इथंही रोज तेच नमुने, तेच तापमान, तीच आम्लता, कंटाळा येईल, मग? मी म्हणाले, येईल सर, पण कंटाळा आला म्हणून मी कूस बदलायची चुकवली नाही. मॅनेजरांनी विचारलं, ओळखीच्या शेतकऱ्याचं दूध नासकं निघालं तर? मी म्हणाले, परत करीन आणि तोंडावर सांगीन, नाहीतर टाकीतलं सगळ्यांचं दूध जाईल. एवढं झाल्यावर तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मी उठायच्या बेतात होते.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज एकदम उतरला होता. म्हणाले, ‘हे मुलाखतीत धरू नका. माझी आई आठ महिने तशीच पडून आहे. तुमच्या सासूबाई... जाताना काही बोलल्या का हो?’

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आज हे लिहितानाही आला आहे. सकाळी घरातून निघाले तेव्हा या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते मला भीमेच्या पुलावर मिळालं होतं, आणि तासाभरानं ते मागणारा माणूस माझ्यासमोर बसला होता. मी त्यांना वाटीचं सांगितलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग हळूच म्हणाले, ‘आमची आई ताट ढकलते. आम्हाला वाटतं, तिला जेवायचं नाही.’ आणि लगेच चष्मा परत चढवून मॅनेजरांना म्हणाले, ‘मला या बाई हव्यात.’

बाहेर आले तर हायवेवर गाड्या धावत होत्या आणि ऊन तापलं होतं. नोकरी लागल्याचा आनंद नंतर आला. आधी नुसतं आश्चर्य वाटत होतं, कुणीतरी आपल्यावर इतकं लक्ष ठेवून आहे याचं. मी यांना फोन लावला. म्हटलं, तुमच्या शेठला सांगा आता, घरी यायचंय म्हणून. हे म्हणाले, ‘चेष्टा करू नकं.’

ती म्हातारी कोण होती, असं मला विचारतात. मी म्हणते, कांद्याची पिशवी घेतलेली एक आजी होती, देवीला निघालेली. त्यापुढं मला माहीत नाही आणि शोधायलाही मी गेले नाही. मला एवढं कळतं, की मी खोट्यासाठी गाऱ्हाणं घालत होते आणि आईनं ते ऐकलं नाही, ही तिची कृपा. तिनं माझ्या शेजारी विचारणारं माणूस बसवलं. आपण काय मागावं हेही आपल्याला धड कळत नाही. तेही तिच्यावरच सोपवावं, आणि तिच्याकडून आलेल्या माणसानं विचारलं की जे असेल ते सांगावं. मला जमेल तेवढं मी आता तसं वागते.

हे घरी आले त्याच्या पुढच्या मंगळवारी आम्ही तिघं कुरकुंभाला ओटी भरायला गेलो. रांग मोठी होती. स्वरा माझा पदर धरून उभी होती आणि चोरून यांच्याकडं बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं धीर करून विचारलं, ‘पप्पा, तुम्ही परत कधी जाणार?’

‘आता न्हाई जायाचं,’ हे म्हणाले.

तिला ते पटलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, ‘खरंय.’ मग तिनं माझा पदर सोडला आणि त्यांचं बोट धरलं.