पहिले चहा मांड

आमच्या शाळेतल्या गणिताच्या मॅडमचा आवाज असा, की त्यांनी फुलचूरला हजेरी घेतली तर गोंदिया स्टेशनावरची मालगाडी 'हजर' म्हणून जागची हलते. कौतुक मात्र त्यांच्या तोंडून निघत नाही. गुणवंतांच्या सत्कारातसुद्धा प्रमाणपत्राचं एक टोक धरून ठेवतात आणि दरडावतात, "पुढं काय करतेस? पहिले सांग, मंग घेऊन जाय."

यंदा निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सत्कार होता. दहावीच्या सगळ्याच पोरींना बोलावलं होतं, पण नापास झालेली एक आली नव्हती. तिची मैत्रीण रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, ते आतून कडी लावून बसून राहिली. कोणाले ओ देत नाही. मायबाप राइस मिलवर गेले."

पाहुण्यांच्या हातात हार तसाच लोंबकळत ठेवून मॅडम निघाल्या. त्यांच्या मागं धावताना माझं अर्धं वजन रस्त्यातच सांडलं.

दार बंदच होतं. शेजारी सब्बल घेऊन दार फोडायला आला. मॅडमनी त्याला हातानं थोपवलं आणि मी जन्मात न ऐकलेल्या हळू आवाजात बोलल्या, "काय व, पाहुणे आले आन् तू दार लावून बसली? चहा मांड."

सब्बलवाल्याच्या कपाळावरचा घाम मला ठिबकताना ऐकू आला. मग आत एक डबा उघडल्याचा आवाज झाला.

"साखर नाही ना, मॅडम."

"बिनसाखरेचा मांड. पण पहिले कडी काढ."

कडी निघाली, आणि मॅडम उंबऱ्यावरच मटकन बसल्या.