कासवांचे मामा

कुणाशीही दहा मिनिटांत नातं जोडावं ते माझ्या मामेसासऱ्यांनीच. समोरच्याची भाषा आपल्याला येते की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. आठवडाभर सिंगापूरच्या एका बँकेत ते गंभीर चेहऱ्याने बसत. रविवारी उजाडलं की ढगळ शर्ट चढवून, पिशवीत मामींची शिवणाची टेप आणि थालीपिठांचा डबा घेऊन बेडोकच्या धक्क्यावर हजर. तिथल्या मलय कोळ्यांना सोबत घेऊन समुद्री कासवं राखायची, हे त्यांनी पन्नाशीनंतर लावून घेतलेलं वेड. गळाला कासव लागलं तर दोरी ओढू नका, त्याला सावलीत ठेवा, आम्हाला फोन करा, हे सगळं ते हिंदी, इंग्रजी आणि हातवारे यांची मिसळ करून समजावत, आणि नवल म्हणजे लोकांना ते समजे. मलय भाषेत काकांना ‘पाकचिक’ म्हणतात, हे मात्र त्यांना वर्षभर ठाऊक नव्हतं. मला एकदा कौतुकाने म्हणाले, “जावईबापू, हा अख्खा धक्का एकाच घराण्याचा आहे बरं का. जो भेटतो तो पाकचिक!”

पहिल्यांदा गळाला लागलेलं जिवंत कासव त्यांच्यासमोर आलं, तेव्हा मी तिथे होतो. स्वयंसेवकांच्या प्रमुख बाईंनी गळ अलगद सोडवला आणि मामांना माप घ्यायला सांगितलं. मामांनी चपला काढल्या, वाकून कासवाच्या पाठीला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि मग टेप उलगडली. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला आपण करतो, अगदी तसंच. त्यांच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. पण शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यांत म्हाताऱ्या पाकचिकने ते नीट पाहून ठेवलं. पुढच्या खेपेला एक नवी चिनी मुलगी थेट टेप लावायला गेली, तर त्याने तिला अडवलं. “नो, नो! शूज आउट फर्स्ट. टच हिम, देन टच युअर हेड. आफ्टर दॅट मेजर!” मुलीने निमूटपणे बूट काढले. हसू दाबत मी मामांना म्हटलं, “अहो, त्यांना खरं सांगा ना.”

“कशाला?” मामा म्हणाले. “वाकलेला माणूस जपूनच हात लावतो. राहू द्या.”

मग एका वर्षी त्याच पाकचिकला किनाऱ्यावर कासवाचं घरटं सापडलं, आणि त्याच आठवड्यात मामांचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे राहून नोकरी करायचा परवाना, वाढवून मिळणार नाही असं कळलं. पिल्लं बाहेर यायला दोन महिने, आणि मामांच्या हातात जेमतेम एक. मुदतवाढीचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. कारण म्हणून ‘घरात बाळंतपण आहे’ असं लिहिलेलं पाहून मामींनी कपाळावर हात मारला. अर्ज अर्थातच नामंजूर झाला.

विमानतळावर माझा हात धरून मामा एवढंच म्हणाले, “पिल्लं उजेडाकडे धावतात हो. मागे हायवेचे दिवे आहेत. तिकडे जाऊ देऊ नका त्यांना.” पहाटे उठायचा मला मनस्वी कंटाळा. तरीही मी हो म्हणालो.

एका पहाटे पाकचिकचा फोन आला, “कमिंग आउट ऑलरेडी!” मी धावतच किनारा गाठला. पिल्लं वाळूतून वर येत होती आणि खरोखरच दिव्यांकडे वळत होती. पाकचिकने पिशवीतून सारोंग, म्हणजे त्यांची लुंगी, काढली. एक टोक त्याने धरलं, एक मी. उजेड अडला. पिल्लं थबकली, घुटमळली आणि मग एकेक करत समुद्राकडे निघाली. मोकळ्या हाताने मी मामांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पुण्यात मामांकडे अजून सगळे झोपेत असणार, पण पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

 मामांच्या मागून मामींचा आवाज आला, “अहो, बोला की काहीतरी.” मला फार वाईट वाटलं. जो तिथे असायला हवा होता तो नव्हता, आणि मी मात्र होतो.

शेवटचं पिल्लू लाटेत शिरलं. मी म्हणालो, “झालं, मामा. सगळी गेली.”

“हं,” मामा म्हणाले. “फोन ठेवू नका एवढ्यात. तसाच समुद्राकडे धरा.”

चांगलं उजाडेपर्यंत मी तो तसाच धरून उभा होतो.