रोह्याच्या पडवीतले एक्सायटॉन

आम्ही दोघं काही वर्षं दर गुरुवारी एक्सायटॉन वाचत होतो, असं सांगितलं की पेणमधले माझे ओळखीचे लोक विषय बदलतात. निवृत्त माणसाने सकाळी फिरायला जावं, संध्याकाळी जमिनीच्या भावाबद्दल बोलावं आणि मधल्या वेळात कुणाच्या तरी सत्काराला हजर राहावं, एवढीच आमच्या गावाची अपेक्षा असते. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. विज्ञानाशी माझा संबंध होता तो आलेल्या मासिकांवर शिक्के मारण्यापुरता, आणि वर्षातून एकदा होणाऱ्या परिसंवादाला खुर्च्या भरायला बसण्यापुरता. त्या परिसंवादांत दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय आणि पाहुण्यांनी स्वतः पुन्हा करून दिलेला स्वतःचा परिचय एवढं झालं की जेवणाची वेळ होई. विज्ञान बहुतेक जेवणानंतर, पेंगत.

खरं विज्ञान मला भेटलं ते रोह्याला, माझ्या मित्राच्या पडवीत. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. पुढे तो तिथल्याच एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला आणि तिन्ही शिफ्ट करत तिथूनच निवृत्त झाला. नंतर त्याचे डोळे गेले. पूर्ण नाही गेले. डोळ्यातल्या पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा, मधला भाग गेला आणि कडा शिल्लक राहिल्या. माझा चेहरा बघायचा असला की तो माझ्या कानाकडे बघायचा. नवख्या माणसाला वाटे, याला आपल्याशी बोलायचंच नाही. अक्षरं मात्र कडेने वाचता येत नाहीत. जन्मभर वाचून मोजून जगलेल्या माणसाला ते फार लागलं.

त्याची पुतणी एका मोठ्या शहरातल्या संस्थेत पीएचडी करत होती. जवळच्या खांब गावात तिच्या वडिलांची, म्हणजे मित्राच्या भावाची, भाताची आणि वालाची शेती. त्या घरातून निघून ती दोन-तीन अणूंइतक्या पातळ थरांमागे लागली होती. तिच्या प्रयोगशाळेत आठवड्याचे नवे शोधनिबंध एकमेकांना पाठवायची पद्धत होती. तेच ती काकाला पाठवू लागली, आणि काकाने ते वाचायचं काम मला लावलं. फोन वाचून दाखवतो हे मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, फोन वाचतो खरा, पण त्याच्याशी भांडता येत नाय.

म्हणून गुरुवारी सकाळी मी पेणहून रोह्याची रेल्वे पकडी. महामार्गाचं काम चालू असे, आणि ते कायमच चालू असे, त्यामुळे एसटीचा प्रश्न नव्हता. पडवीत दोन खुर्च्या आणि चहा तयार असे. मी इंग्रजीत वाचायचं, त्याने मध्येच थांबवायचं, मग दोघांनी मिळून मराठीत अर्थ लावायचा. जे कळत नसे ते रविवारी पुतणीला फोनवर विचारायचं.

एक्सायटॉन कळायला आम्हाला एक अख्खा पावसाळा लागला. प्रकाश पडला की पदार्थातला एखादा इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून वर जातो. मागे रिकामी जागा राहते. तिची ओढ सुटत नाही. इलेक्ट्रॉन आणि ती रिकामी जागा अशी जोडी, तोच एक्सायटॉन, थोडा वेळ एकत्र हिंडते, आणि शेवटी इलेक्ट्रॉन परत जागेवर येतो तेव्हा थोडा प्रकाश बाहेर पडतो. तो थोडा वेळ म्हणजे किती, ते पुतणीने फोनवर सांगितलं. पापणी हलायच्या आत असे कितीतरी जन्म होऊन जातात. मित्राने या सगळ्याला शिफ्टवर गेलेला माणूस आणि घरातली त्याची रिकामी खुर्ची असं रूप दिलं. स्वयंपाकघरातून वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, खुर्ची कधी रिकामी नव्हती, तिच्यावर कपड्यांच्या घड्या असायच्या.

मग प्रश्न आला की त्याच पदार्थाच्या जाड तुकड्यात ही जोडी सैल असते आणि एकाच थरात घट्ट का. निबंधात कारण दिलं होतं, पण ते सूत्रात होतं. मी उपमा काढली: पेणच्या बाजारात नवरा-बायकोच्या मध्ये माणसं शिरतात, हात सुटतो. धरमतरकडच्या मिठागराच्या बांधावर दोघंच असतात, मध्ये शिरायला कुणी नाही. मित्राला हे अजिबात पटलं नाही. मिठागराच्या बांधावर माणसं एकामागून एक चालतात, हात कोण धरतंय, असं त्याचं म्हणणं. यावर दोन गुरुवार गेले. शेवटी पुतणीकडे तक्रार गेली. तिने निकाल दिला की दोघंही चूक आहात, पण पेणवाले काका थोडे कमी चूक. तो निकाल मी अजून सांगत फिरतो.

निबंध एक्सायटॉनचेच असत असं नाही. तिच्या मैत्रिणींचे विषय पण त्यातच येत. हाडाच्या फटीत भरायचं सिमेंट, शरीरात विरघळणारे टाके, औषध हळूहळू सोडणारी जेली. एकदा खेकड्याच्या कवचापासून जखमेवरची पट्टी बनवल्याचा निबंध आला. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. इतकी वर्षं मी औषध उकिरड्यावर टाकलं म्हणायचं, एवढंच ती बोलली आणि आत गेली. त्या दिवशी जेवायला नेमके खेकडे होते, आणि आम्ही कवचं जरा आदराने बाजूला ठेवली.

ते दिवस आठवले की मला हसू येतं ते असल्या गोष्टींचं. पण त्या पडवीत आणखी एक गोष्ट चालू होती, आणि ती माझ्या उशिरा लक्षात आली.

या निबंधांना शेवटचं एक वाक्य असतं. आधीची सगळी पानं माणूस फार जपून बोलतो: इतक्या तापमानाला, अमुक काचेवर, असं असं दिसलं. शेवटी मात्र एकदम छाती फुगते. या निष्कर्षांमुळे उद्याचे संगणक, सौरघट आणि कृत्रिम दृष्टिपटल यांचा मार्ग मोकळा होतो, असं काहीतरी येतं. पुतणीच्या स्वतःच्या निबंधातही ते आलं होतं. मला ते वाक्य आमच्या परिसंवादातल्या आभारप्रदर्शनासारखं वाटे. ज्यांनी काहीच केलेलं नाही त्यांचेही आभार मानायचे असतात, तसं. मी ते भराभर वाचून चहाकडे वळे. मित्र मात्र मला थांबवी. ‘दृष्टिपटलाचं परत वाच.’ मी परत वाची.

त्या वाक्यावर विश्वास ठेवायची त्याची चूक त्याच्या कामातून आली होती. कंपनीत ड्रमवर जो तपासणीचा कागद चिकटवलेला असे त्यावर लिहिलेलं असे तेच ड्रमात असे. नसलं तर माल परत आणि कुणाची तरी नोकरी. छापील कागदावर न मोजलेली गोष्ट लिहिता येते हे त्याच्या डोक्यात शिरण्यासारखं नव्हतं. त्यामुळे पातळ थरांपासून बनलेला डोळा येणार, हे त्याने धरून ठेवलं होतं. फक्त किती दिवसांत, एवढाच प्रश्न.

पनवेलच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, उरलेल्यावर नीट जगायला शिका. ठाण्याला तसा वर्ग होता: पांढरी काठी घेऊन चालायचं, गॅस पेटवायचा, रस्ता ओलांडायचा, आवाजावरून अंतर ओळखायचं. त्याची मुलगी ठाण्यातच राहत होती. ती दर महिन्याला बोलावत होती. तो म्हणे, थोड्या दिवसांसाठी काठी कशाला शिकायची. दरम्यान त्याचा हात गॅसवर भाजला, आणि एकदा बाजारात तो उघड्या गटारात पाय जाऊन पडला. घरी येऊन त्याने सांगितलं की गटार चुकीच्या जागी होतं.

वहिनीने मला चहा देताना हळूच म्हटलं, ‘भावोजी, तुमी तरी सांगा. माझं नाय ऐकत. पुढल्या वेळी गाडीखाली जातील.’

मी सांगून पाहिलं. त्याने माझ्या कानाकडे बघत विचारलं की ग्रंथपालाला सेमीकंडक्टरमधलं काय कळतं. प्रश्न रास्त होता.

जानेवारीत पुतणी सुट्टीला आली. वालाच्या शेंगा भरल्या होत्या, म्हणून तिच्या वडिलांनी शेतावर पोपटी लावायचं ठरवलं. मलाही बोलावणं आलं. दुपार उतरल्यावर मित्राच्या भावाने मडक्यात भांबुर्डीचा पाला घातला, त्यावर शेंगा, अंडी, मीठ, ओवा, पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवला. आम्ही वाऱ्याच्या उलट्या बाजूला पोत्यांवर बसलो. मित्र जाळाकडे तोंड करून बसला होता. जाळ त्याला दिसायचा, असं तो म्हणे, पण मधोमध भोक असलेला.

पुतणी आपल्या कामाबद्दल सांगत होती. साध्या चिकटपट्टीने त्या पदार्थाचा खडा सोलत जायचा, पापुद्र्याचा पापुद्रा काढायचा, असं करत एखादा तुकडा एका थराचा निघतो. जाड तुकड्यावर लेझर टाकला तर तो जवळजवळ काळोखा राहतो, एका थरावर टाकला की उजळतो. तो तुकडा केवढा, असं तिच्या वडिलांनी विचारलं. केसाच्या जाडीएवढा निघाला तर त्या दिवशी आम्ही सगळ्यांना चहा पाजतो, ती म्हणाली. वडिलांनी शेताकडे पाहिलं आणि एवढ्या पिकावर कसं भागतं म्हणून विचारलं.

सगळे हसले. हसू ओसरल्यावर मित्राने विचारलं.

‘बाय, डोळ्याचं कधी होतंय गो?’

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. मी वहिनीकडे पाहिलं, ती हातातली शेंग नुसतीच फिरवत होती.

‘कुठला डोळा, काका?’

‘तुमच्या थराचा. तूच लिवलंस. शेवटच्या ओळीत. यानं वाचून दाखवलं मला.’

पुतणीने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर आमच्यापैकी कुणी अडवलं नसतं, मीसुद्धा नाही. मग ती उठून त्याच्या बाजूला जाऊन बसली, त्याला तिचा चेहरा कडेने दिसेल अशी.

‘काका, ती ओळ आमी शेवटी टाकतोच. सगळेच टाकतात. माझ्या कामात डोळा नाय. मी फक्त उजेड मोजला.’

‘म्हणजे होणारच नाय?’

‘दुसरीकडे लोकं डोळ्यावर काम करतायत, वेगळ्या पद्धतीनं. पण तुझ्यासाठी, तुझ्या वेळेत, होईल असं मला नाय वाटत. आणि माझ्या थरापासून तर नाय.’

भावाने उगाचच जाळात पेंढा सरकवला. मला वाटलं, मित्र आता चिडेल, किंवा वाईट म्हणजे, चिडणार नाही. त्याने विचारलं की तू नक्की मोजलंस ते काय. तिने सांगितलं. थराखालची काच काढून दुसऱ्या पदार्थाचा थर ठेवला की उजेडाचा रंग किंचित सरकतो, कारण शेजार बदलला की जोडीची पकड बदलते. किती सरकतो तेही सांगितलं. त्याने तो आकडा पुन्हा विचारला, मोजताना चूक किती धरली ते विचारलं, तापमान काय होतं ते विचारलं. ती एकेक उत्तर देत गेली. हे सगळं त्याला मान्य झालं.

‘मग एवढंच लिवायचं होतं,’ तो म्हणाला.

‘एवढंच लिवलं तर छापत नाय, काका.’

त्याने मान हलवली. भावाने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले, ते चर्र करून उडाले, म्हणजे पोपटी झाली होती. मडकं फोडून शेंगा पोत्यावर ओतल्या. मित्राने खाल्ल्या, नेहमीइतक्याच खाल्ल्या. हात पुसताना तो वहिनीला म्हणाला, ‘पोरीला फोन लाव. तो काठीचा वर्ग कधी चालू होतो, विचार.’

वहिनी फोन लावायला बांधापर्यंत गेली आणि बराच वेळ तिकडेच पाठमोरी उभी राहिली. पुतणी मला नंतर म्हणाली की परीक्षकांनी तिला आजपर्यंत इतकं घाबरवलं नव्हतं.

फेब्रुवारीत मित्र आणि वहिनी ठाण्याला गेले. काही महिन्यांसाठी म्हणून गेले, पण अशा गोष्टींत महिने आपल्या हिशेबाने चालत नाहीत. नातू तिथे, दवाखाना तिथे, सवयीचा रस्ता तिथे. पडवीला कुलूप लागलं. निबंध माझ्या फोनवर येत राहिले. पहिल्या गुरुवारी मी एक उघडला, दोन परिच्छेद मनात वाचले आणि बंद केला. भांडायला कुणी नसेल तर एक्सायटॉनही इतर कुठल्याही कणांसारखेच असतात. आता मी सकाळी फिरायला जातो. पेणला हायसं वाटलं असावं.

शिमग्याला तो दोन दिवसांसाठी रोह्याला आला. परत जायच्या दिवशी मी त्याला स्टेशनवर पोचवायला गेलो. वहिनी सामान घेऊन रिक्षाने पुढे गेली. त्याला चालत जायचं होतं. हातात पांढरी काठी होती, आणि ती तो कंपनीतल्या एखाद्या उपकरणासारखी सांभाळून धरत होता. घराबाहेर पडल्याबरोबर मी सवयीने त्याचा दंड धरला.

‘हात नको. दोन पावलं पुढं चाल, आणि बोलत राहा.’

काय बोलू, असं मी विचारलं.

‘काय पण. तुझा आवाज कुठं आहे तेवढं कळलं की झालं.’

बाजार भरलेला होता. मी पुढे चालत होतो आणि बोलत होतो. काय बोललो ते आता आठवत नाही, बहुतेक दुकानांच्या पाट्याच वाचल्या असतील. लोक माझ्याकडे बघत होते, कारण त्यांना मी एकटाच बडबडत चाललेला दिसत होतो. मागून काठीचा आवाज येत होता, कधी लांब पडत, कधी जवळ येत. मध्ये एक गटार होतं. मी ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काठी त्याच्या कडेला लागली, थांबली, आणि तो ते ओलांडून आला. मी पुढची पाटी वाचली.