दिनेशची नाताळगाडी

आटपाट कॉम्प्लेक्स होतं, घोडबंदर रोडला. तिथे गाडी चालवायला यायचे तिघं जण: माझा मुलगा दिनेश, सून सुप्रिया आणि मी. वागळे इस्टेटमधली दिनेशची कंपनी बंद पडलेली. पण पोरगा रडत नाही बसला; पत्रे वेल्डिंग करून लहान मुलांची गाडी बनवली. बॅटरीचं इंजिन, मागे तीन डबे! त्या आठवड्यातले किस्से इतके साठलेत, की सांगायला बसले की माझाच चहा गार होतो.

चेअरमनकाकांनी बजावलेलं, "नाताळापुरती चालवा. एक तारखेला उचलायची. गेटजवळ कटकट नको!" आमचं तर पोट त्या गाडीवर. ती तिथेच राहावी, एवढंच मागणं.

*

पहिल्या फेरीआधी मी इंजिनापुढे नारळ फोडला, पोरांना खोबरं वाटलं. दुसऱ्या दिवशी फेरी संपली तरी एक चिमुरडी उतरेना. हात पुढे! "आजी, ख्रिसमसचा प्रसाद राहिला!"

घ्या! मग काय, रोज नारळ.

*

एक मुलगा ओरडला, "आजी, मेरी ख्रिसमस!"

म्हटलं, "तुझी एकट्याची कशी रे? सगळ्यांची!"

सुप्रियाने कपाळावर हात मारला. संध्याकाळी तिन्ही डबे ओरडत होते, "सगळ्यांची ख्रिसमस!"

*

डोंबिवलीचे एक आजोबा नातवाला घेऊन आलेले. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकला, स्वतः घुसले. गाडी सुटली. नातू खालीच!

तो बोंबलतोय, "आजोबा, पुढच्या स्टेशनला उतरा!"

*

शेवटच्या दिवशी सांता बनायला ठरवलेला आमचा माणूस ट्रॅफिकमध्ये अडकला. पोरं रडकुंडीला. सुप्रियाने सरळ चेअरमनकाकांनाच गाठलं. "काका, तुम्हाला पोटाला उशीसुद्धा लागणार नाही!"

काका फुगले, पण लाल डगला चढवला. सुप्रियाने शिकवलं, "सांता फक्त हो हो हो म्हणतो. दुसरं काही बोलायचं नाही."

फेरी संपली. पोरांनी घेरलं. "सांता, गाडी उद्या पण येणार?"

"हो हो हो!"

"दर रविवारी?"

"हो हो हो!"

"कायमची?"

"हो हो हो!"

सगळ्या आयांनी मोबाईलवर शूटिंग केलं. टाळ्या, शिट्ट्या!

तेवढ्यात आमचा दिनेश, भोळा सांब, पुढे झाला. "काका, मग उद्या गाडी उचलू ना?"

पोरं काकांच्या तोंडाकडे बघायला लागली. काकांनी दाढी ओढून काढली आणि ओरडले, "नाही! नाही! नाही!"