बागेत बिबट्या आहे की नाही

बिबट्याची बातमी कोणी काढली ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी म्हणे पंजा उमटलेला, कोणी म्हणे गुरगुर ऐकली. आमची केळी कापणीला आली होती आणि घड कापणाऱ्या टोळीतले दांडगे गडी बांधावर उभे राहून तंबाखू मळत होते. आत पाय टाकायला कोणी तयार नाही.

मुकादम म्हणाला, "आक्का, बाग मा बिबट्या शे. आम्ही नही येत."

"तू पाहिला का?"

"नही. पन शे."

घड झाडावर पिवळे पडले की व्यापारी मालाकडे बघत नाही. वर्षभर पाणी दिलेली बाग गुरांपुढे टाकायची वेळ येते. मी म्हटलं, मी एकटी आत जाऊन येते. गेले, आले. तरी ते म्हणाले, आक्काला काय, म्हाताऱ्या माणसाला बिबट्या खात नाही.

झाडाला बांधायचा कॅमेरा मिळतो, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढतो, हे मला माहीत होतं. जंगलखात्याचे लोक सातपुड्याच्या पायथ्याला बांधतात. आमचा जावई जळगावला मेहरूणमध्ये राहतो. त्याने मोबाईलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ पाहिलेले, म्हणजे आता त्याला सगळं येतं. त्याला घेऊन दुकानात गेले.

जावयाने सगळ्यात महागाला हात घातला. "आई, यात सिम बसतं. फोटो थेट फोनवर येतो."

"जावईबापू, आमच्याकडे आलात की तुम्ही फोनवर बोलायला गच्चीवर चढता. बागेतून फोटो कसा येणार, चालत?"

दुकानदार हसला. मग त्याने दुसरा काढला आणि फोटो किती मोठा निघतो ते सांगत बसला. मी म्हटलं, मला बिबट्याच्या लग्नाचा अल्बम करायचा नाही. जनावर कोणतं एवढं कळलं की झालं. रात्री लाल दिवा चमकतो का? चमकत असेल तर चोर आधी कॅमेराच नेईल. सेल कोणते लागतात? साधे, आमच्या गावातल्या दुकानात मिळणारे लागत असतील तर बोल. आणि जनावर निघून गेल्यावर फोटो काढणारा असेल तर ठेव तुझ्याकडेच.

"लगेच काढतो, मावशी."

"जावईबापू, जरा समोरून भराभर चालून दाखवा."

जावई चालला. सगळ्यात स्वस्तात नुसती त्याची पाठ आली, तीही अर्धी. त्याहून जरा महागातल्यात पोट पूर्ण आलं. तोच घेतला. परत येईपर्यंत जावयाने सिमचं नाव काढलं नाही. बरं वाटलं.

बांधला मात्र मी नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. जावयाने बांधावरच्या कडुनिंबाला बांधला, सुनेने नारळ फोडला. नवी वस्तू म्हणून वरच्या फांदीला लिंबू-मिरची टांगली. दोन दिवसांनी कार्ड काढून जावयाने लॅपटॉपला लावलं. लिंबू. परत लिंबू. लिंबू डावीकडे, लिंबू उजवीकडे, मिरचीचा देठ. उन्हात तापलेलं लिंबू वाऱ्याने हललं की कॅमेरा फोटो काढी. कार्ड भरून गेलेलं.

"दृष्ट लागू नये म्हणून बांधलं, आत्याबाई," सून म्हणाली.

"दृष्ट सोड, त्याला दिसूही दिलं नाहीस काही."

तोवर कडेचे दोन घड पिवळे झाले होते. मी लिंबू-मिरची तोडली, समोरची लोंबती पानं छाटली, कॅमेरा माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर पायवाटेकडे तोंड करून बांधला. जावयाने त्याच्या छातीएवढा बांधला होता, जणू बिबट्या दोन पायांवर चालत येणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो निघाला. पुढून उंच, मागून खाली बसलेलं, मानेवर केस उभे, अंगावर पट्टे. पुस्तकात तरस लिहितात. मी मुकादमाला बोलावून दाखवला.

त्याने फोटो जवळ धरला, लांब धरला. "हाऊ ते तडस शे!" मागे वळून टोळीवर ओरडला, "तडस शे रे! मेलेली ढोरं खानारं! त्याले घाबरनात तुम्ही?"

तुम्ही म्हणे. स्वतः त्या दिवशी बांधावर सगळ्यांच्या मागे उभा होता.

दुपारपर्यंत घड कापून, वाहून रस्त्यावर आले. कडेचे पिवळे व्यापाऱ्याने बाजूला काढले, बाकीचा माल भरून गाडी गेली.

जावई ओट्यावर तोंड पाडून बसला होता. ऑफिसात त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, सासरी बिबट्या आहे, फोटो दाखवतो. आता तरस काय दाखवायचं?

"आई," तो म्हणाला, "तो महागातला घेतला असता ना, तर बिबट्या दिसला असता."

मी त्याला जेवायला वाढलं. जावई आहे, दुसरं काय करणार.